चौतीस नंबरचं पान

सुईमावशीने डूख धरला होता, आणि तो धरून बावीस वर्षं झाली होती. एवढ्या काळात माणसाचे दात पडतात, घरं पडतात, सरकारं पडतात. मावशीचा डूख मात्र नव्यासारखा होता, कारण ती तो रोज वापरत नसे. पाहुण्यांसाठी राखलेल्या चादरींसारखा तिने तो घडी घालून, वर डांबरगोळ्या टाकून, सगळ्यांत वरच्या फळीवर ठेवला होता.

ती ज्या कपड्यांच्या कोठीची मावशी होती, ती कोठी एका सरकारी सुधारगृहात होती. सुधारगृह हे जुनं नाव. पुढे कोणाला तरी ते अपमानास्पद वाटलं म्हणून त्याचं किशोर विकास केंद्र झालं. मग विकास हा शब्द दुसऱ्या खात्याला हवा होता म्हणून किशोर संगोपन सदन झालं. प्रत्येक वेळी पाटी बदलली, पाटीचं उद्घाटन झालं, भाषणं झाली. कुलपं तीच राहिली. कुलपांना उद्घाटन लागत नाही.

आत अठरा वर्षांखालची एकशे दहा पोरं होती. कोणी चोरी केलेली, कोणी मारामारी, कोणी दुसऱ्याने केलेल्या चोरीच्या वेळी जवळपास उभं राहिलेलं. त्यांची दिवसातून चार वेळा मोजणी होई आणि मोजणी जुळल्याशिवाय कोणाला ताट मिळत नसे. एकदा मोजणीत एक पोरगा जास्त भरला. कमी भरला तर पळाला असं लिहिता येतं, जास्तीचं काय लिहायचं यावर दीड तास खल झाला. शेवटी कळलं की दोन वर्षांपूर्वी सुटलेला एकजण सहज भेटायला आला होता, आणि भोंगा वाजताच सवयीने रांगेत जाऊन उभा राहिला होता. अधीक्षकांनी त्या वर्षीच्या अहवालात हा प्रसंग संस्थेच्या संस्कारांचा पुरावा म्हणून घातला.

अधीक्षकांना समोर सगळे साहेब म्हणत आणि मागे तंतोतंत. तो त्यांचा लाडका शब्द होता. मोजणी तंतोतंत, कुलूप तंतोतंत, वरणातलं पाणीसुद्धा तंतोतंत. ते याच संस्थेत कारकून म्हणून लागले होते आणि पायरी पायरी करत वरच्या खुर्चीवर पोचले होते. त्यांचं अक्षर टपोरं, मोत्यांची सर ओवावी तसं. व्हरांड्यातल्या भिंतींवरचे सुविचार त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवले होते. बैठकीच्या खोलीत, त्यांच्याच खुर्चीच्या मागे, 'वेळेचं मोल जाणा' असं हातभर उंचीच्या अक्षरांत लिहिलेलं होतं.

मावशीचा डूख याच अक्षरावर होता.

*

तिचा धाकटा भाऊ पंधरा वर्षांचा असताना कोणाची तरी मोटरसायकल घेऊन पळाला. चोरायला नव्हे, चालवायला. पण ती त्याने एका दुकानाच्या काचेत चालवली, त्यामुळे फरक समजावून सांगायला वाव उरला नाही. आई गेलेली, वडिलांचा पत्ता त्यांनाही नसावा; ताई म्हणजेच आई, आणि ताई शिलाई मशीनवर घर चालवणारी. जून महिन्यात धाकटा सुधारगृहात गेला. आठ महिने, आणि वर्तन चांगलं असेल तर फेब्रुवारीत घरी.

वर्तन चांगलं असायला त्याला काही करावं लागलं नाही. भीतीने त्याची बोबडी वळली होती. आठ महिन्यांत त्याच्या नावावर एक ओरखडा नाही. पण इथे नाव चालत नसे, नंबर चालत असे. नंबर शर्टावर शिवलेला, ताटावर कोरलेला, आणि शिस्तवहीत प्रत्येक नंबराला एकेक पान. धाकट्याला चौतीस मिळाला, कारण त्याच्या मापाचा शर्ट चौतीस नंबरचा निघाला. एखादा पोरगा सुटला की त्याचा शर्ट धुऊन पुढच्याला, आणि नंबरही पुढच्याला. म्हणून पद्धत अशी होती की पोरगा सुटतेवेळी कारकुनाने शिस्तवहीत त्याच्या शेवटच्या नोंदीखाली लाल रेघ ओढायची. रेघेच्या वरचं पाप गेलेल्याचं, खालचं पाप आलेल्याचं. धर्मग्रंथांनाही इतकी स्वच्छ सोय जमलेली नाही.

आधीचा चौतीस अठरा पूर्ण झाले म्हणून मे महिन्यात गेला. एप्रिल-मे या दोन महिन्यांत त्याने खिडकी फोडली, विडी ओढली, एका काळजीवाहकाच्या डोक्यात पळी घातली. एकूण नऊ नोंदी. शिस्तवहीत दिवस आणि महिना लिहायचे, वर्ष नाही. वर्षाला कॉलमच नव्हता. आणि कारकून लाल रेघ ओढायला विसरला.

फेब्रुवारीत समितीपुढे धाकट्याचा दाखला गेला. मोत्यासारख्या अक्षरात नऊ गुन्हे. समितीने मान हलवली आणि सुटका अकरा महिने पुढे ढकलली.

दुसऱ्या दिवशी ताई ऑफिसच्या खिडकीपुढे उभी राहिली. खिडकी इतकी बुटकी की बाहेरच्याला वाकावं लागे आणि आतल्याला फक्त कागद धरलेला हात दिसे.

"साहेब, हे एप्रिलमधलं लिहिलंय. एप्रिलमध्ये माझा भाऊ घरी होता. माझ्यासमोर बसून जेवत होता."

"नंबर?"

"चौतीस."

"मग बरोबर आहे. चौतीसचं पान आहे हे. नऊ नोंदी. तंतोतंत."

"पण तो आलाच जूनमध्ये."

"रजिस्टर चुकत नाही, बाई. माणसं चुकतात. म्हणून तर ती इथे येतात." आतून शिक्क्याचा आवाज झाला. "पुढचा!"

पुढच्या अकरा महिन्यांतल्या सातव्या महिन्यात सुतारशाळेच्या करवतीने धाकट्याच्या उजव्या हाताची दोन बोटं नेली. त्या करवतीला संरक्षक जाळी नव्हती. जाळीची मागणी वर गेलेली होती. फेब्रुवारीत सुटला असता तर बोटं घरी आली असती. हा हिशेब करायला ताईला रजिस्टर लागलं नाही.

*

वर्षभराने कोठीची जुनी बाई निवृत्त झाली आणि शिवणकाम येणारी बाई हवी अशी जाहिरात आली. ताईने अर्ज केला. मुलाखत त्याच कारकुनाने घेतली. त्याने तिला ओळखलं नाही. ओळखणार कसा, त्याने तिचा फक्त हात पाहिला होता. "सरळ टाका येतो का?" एवढंच त्याने विचारलं.

"येतो," ती म्हणाली. "आणि उसवता पण येतं."

ते त्याला विनोद म्हणूनही कळलं नाही.

अशी ती सुईमावशी झाली. कॉलरमध्ये उभी खोचलेली सुई, गळ्यात मोजपट्टी, चेहऱ्यावर काही नाही. पोरं तिला वचकून असत आणि तिच्याशिवाय त्यांचं पान हलत नसे. फाटलेली विजार कोणाकडे न्यायची, घरच्या चिठ्ठीत काय लिहिलंय ते कोणाकडून वाचून घ्यायचं, तर मावशीकडे. ती वाचून दाखवी आणि वर म्हणे, "रडायचं असेल तर त्या चादरींवर नको. त्या तपासणीच्या आहेत."

तपासणीच्या चादरी हे तिच्या खात्यातलं मोठं प्रकरण होतं. वरून कोणी येणार असलं की सकाळी एकशे दहा पांढऱ्या चादरी बाहेर पडत आणि संध्याकाळी मोजून परत येत. पोरं त्या दिवशी पलंगांवर बसत नसत, शेजारी उभी राहत. पाहुणे शिस्तीचं कौतुक करत. दाराशी तक्रारपेटीही होती, तिची किल्ली साहेबांच्या खिशात. महिन्याच्या एक तारखेला ती समारंभाने उघडली जाई आणि आत लिमलेटच्या गोळ्यांचे कागद निघत. मग अहवालात जाई, तक्रार नाही.

मावशीने एक गोष्ट केली जी कोणाच्याच लक्षात आली नाही. चौतीस नंबर तिने कोणाला दिला नाही. धाकटा सुटला तेव्हाही कारकून रेघ विसरलाच होता, आणि ती कोठीत येईपर्यंत तो शर्ट फळीवर पडून होता. कधी तो शर्ट उसवलेला असे, कधी धुवायला गेलेला, कधी त्याला कसर लागलेली. नवा पोरगा आला की तेहतीस मिळे, नाहीतर पस्तीस. कारण सरळ होतं. चौतीसला नवा पोरगा आला की कधी ना कधी तो सुटणार, कोणीतरी इमानदारीत लाल रेघ ओढणार, आणि वरची नऊ पापं कायमची तिच्या भावाच्या माथी बसणार. पान उघडं राहिलं तरच चूक जिवंत राहणार होती. शिस्तवही चारशे पानांची, जाड बांधणीची. ती भरल्याशिवाय नवी मागता येत नसे, आणि सरकारी वही माणसापेक्षा सावकाश भरते. मावशीला जिवंत चूक हवी होती. मेलेल्या चुकीला कोण विचारतो?

धाकट्याने मात्र केव्हाच माफ करून टाकलं होतं. हे तिला अजिबात आवडलं नव्हतं. त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, बायको होती, सुटलेलं पोट होतं. "दहा बोटं असती तर कुठे दिवे लावणार होतो?" असं तो हसत म्हणे. "सोड ना ताई. त्या माणसाला आठवतसुद्धा नसेल."

"म्हणूनच," ती म्हणे.

*

साहेबांच्या निवृत्तीला नऊ महिने उरले तेव्हा ऑफिसात कुजबूज सुरू झाली की त्यांना दोन वर्षांची मुदतवाढ मिळणार. फेब्रुवारीत समिती येईल, ती शेरा मारेल, शेरा चांगला असला की काम फत्ते. मावशीने ऐकलं आणि त्या दिवशी शिवताना पहिल्यांदाच बोटाला सुई टोचून घेतली.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात रेडिओ आला.

खरं नाव दाखल्यावर होतं. तोंड उघडल्यापासून पाच मिनिटांत त्याला रेडिओ हे नाव पडलं. सोळा वर्षांचा, मित्रांच्या मारामारीत सापडलेला, आठ महिन्यांसाठी. वर्तन चांगलं असेल तर फेब्रुवारीत घरी. त्याला फाटकापर्यंत सोडायला त्याची मोठी बहीण आली होती, आणि ती त्या बुटक्या खिडकीशी वाकून विचारत होती की भेटायचा वार कोणता.

मावशीने कोठीच्या दारातून ते पाहिलं. रेडिओच्या खांद्यावर मोजपट्टी टाकली. त्याच्या मापाचा सत्तर नंबरचा शर्ट समोरच्याच फळीवर होता. तिने स्टूल घेतलं, वर चढली, आणि सगळ्यांत वरच्या फळीवरून चौतीस काढला.

"मावशी, हा ढगळ होतोय," रेडिओ म्हणाला. "यात मी आणि माझा एक मित्र मावू."

"अंगाला येईल हळूहळू."

तिने कोठीच्या रजिस्टरात नोंद केली. दिवस, महिना, वर्ष. कोठीच्या रजिस्टरात वर्षाला कॉलम होता, कारण कापड सरकारी होतं आणि किती वर्षं टिकलं ते वर कळवावं लागे. कापडाला वर्ष होतं, पोराला नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोजणीला साहेब रांगेपुढून गेले. बत्तीस, तेहतीस, चौतीस. मावशी खांबाशी उभी राहून त्यांच्या पापण्यांकडे बघत होती. पापणी हलली नाही. पस्तीस, छत्तीस. धाकटा म्हणाला होता तसंच होतं, माणसाला आठवत नव्हतं. तोवर तिच्या मनात कुठेतरी किंचित चलबिचल होती. ती त्या क्षणी मिटली.

आठ महिने तिने काही केलं नाही. रेडिओवर एकच नोंद झाली, 'जेवताना बडबड', तीसुद्धा नव्या कारकुनाच्या किड्यामुंगीसारख्या अक्षरात. बहीण दर भेटीच्या वारी येई आणि जाताना कोठीशी थांबे. "मावशी, सुटेल ना वेळेवर?"

"तुझा भाऊ चांगला वागतोय," मावशी म्हणे. हे खरं होतं. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मात्र ते नव्हतं.

तिचा बेत साधा होता. नवा कारकून शिस्तवहीचं पान जसंच्या तसं उतरवणार, कारण त्याला तेच शिकवलं होतं. साहेब न वाचता सही करणार, कारण खुर्चीवर बसल्यापासून ते तेच करत आले होते. समितीपुढे दाखला जाणार. आणि सुटकेची पद्धत अशी की पोरगा समितीपुढे असतानाच कोठीने त्याचं घरच्या कपड्यांचं गाठोडं आत नेऊन द्यायचं आणि सही घ्यायची. गाठोडं घेऊन ती आत जाणार, कोठीचं रजिस्टर टेबलावर ठेवणार, आणि जूनमध्ये आलेल्या पोराने एप्रिलमध्ये पळी कशी मारली ते समितीला विचारणार. ती आत नसती तर? तर समिती मान हलवणार, जशी बावीस वर्षांपूर्वी हलवली होती. पण गाठोडं नेणं तर तिचंच काम होतं.

*

तपासणीच्या चादरी सकाळी सातला बाहेर पडल्या. समितीत एक न्यायाधीश बाई होत्या आणि दोन सभासद. त्यांतले एक डॉक्टर आणि दुसरे जेवण केव्हा याची चौकशी करणारे. सव्वीस पोरांचे दाखले होते. दर पाच-सात मिनिटांनी शिपाई कोठीशी येई आणि हाक मारी, "बाराचं गाठोडं! एकोणीसचं! एकतीसचं!" मावशी जाई, सही घेई, परत येई.

मग शिपाई आला आणि म्हणाला, "एक्केचाळीसचं."

मावशीचा हात चौतीसच्या गाठोड्यावर होता. "चौतीस राहिला."

"चौतीस आत आहे. पण साहेब म्हणाले, त्याचं गाठोडं नको. तो कुठला सुटतोय! दाखल्यावर दहा नोंदी आहेत त्याच्या. पळी मारलीय म्हणे कोणाला तरी. रेडिओ! दिसतो का असा? आता काय खरं नाही कोणाचं."

बावीस वर्षं जिने बारीकसारीक टाके मोजले होते, तिच्या हातून हा एक टाका सुटला होता. गाठोडं फक्त सुटणाऱ्याचं बोलावतात. ज्याला अडकवायचं त्याचं कशाला बोलावतील? आणि तिने तर त्याला अडकवण्याचीच सगळी सोय स्वतःच्या हाताने केली होती.

"सही झाली?" तिने विचारलं.

"बाई चष्मा पुसतायत. होईल आता. मावशी, एक्केचाळीस!"

तिने एक्केचाळीस तिथेच टाकलं. चौतीसचं गाठोडं एका काखेत, कोठीचं जुनं रजिस्टर दुसऱ्या काखेत, आणि गुडघ्याने पाच वर्षांपूर्वी सोडलेली धाव तिने पुन्हा धरली. व्हरांड्यात रेडिओची बहीण बाकावर बसली होती. मावशीला तसं धावताना बघून ती उठून उभी राहिली.

"झालं का मावशी?"

मावशीने तिच्याकडे पाहिलं नाही.

दाराशी शिपायाने हात आडवा धरला. "बोलावल्याशिवाय आत नाही."

"तुझ्या पहिल्या दिवशी तुझी पँट कोणी शिवून दिली होती?"

हात खाली आला.

आत रेडिओ टेबलापुढे उभा होता, आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच गप्प होता. न्यायाधीश बाईंनी पेन उघडलं होतं. साहेब त्यांच्या उजव्या हाताला बसले होते, चेहऱ्यावर मुदतवाढीची प्रसन्नता.

"चौतीसचे कपडे," मावशी म्हणाली आणि गाठोडं टेबलावर ठेवलं.

साहेबांनी हातानेच हाकललं. "याचे नकोत म्हणून सांगितलं होतं. जा तुम्ही."

"सांगितलं. पण मला सही लागते साहेब, नेलं तरी आणि नाही नेलं तरी." तिने रजिस्टर उघडून बाईंच्या पुढ्यात सरकवलं. "बाई, सही करायच्या आधी एवढं बघा. चौतीस नंबर या पोराला कधी दिला."

"तुम्ही कोण?"

"कोठी."

न्यायाधीश बाईंनी वाचलं. "बारा जून. गेल्या वर्षीचा. बरं मग?"

"आता दाखल्यातली पहिली नोंद वाचा."

"तीन एप्रिल," बाई म्हणाल्या, "खिडकी फोडली. वीस एप्रिल, विडी. नऊ मे, काळजीवाहकाला पळी..." त्या थांबल्या. चष्मा काढला, पुन्हा घातला. "आज फेब्रुवारीची सहा. हा मुलगा आल्यापासून अजून एप्रिल आलेलाच नाही."

जेवणाची चौकशी करणारे सभासद जागे झाले.

"कारकुनाची चूक," साहेब चटकन म्हणाले. "नवीन आहे. मी आत्ता त्याला..."

"चोर सोडून संन्याशाला सुळी देऊ नका साहेब," मावशी म्हणाली. तिचा आवाज कपडे मोजताना असतो तसा होता. "त्याने पान आहे तसं उतरवलं. मूळ वही मागवा बाई."

मूळ वही आली. चौतीसचं पान उघडलं. वरती नऊ नोंदी, टपोऱ्या, मोत्याच्या सरीसारख्या. खाली किड्यामुंगीच्या अक्षरात दहावी, 'जेवताना बडबड'. मध्ये काही नाही.

"इथे लाल रेघ हवी ना?" बाईंनी आधीच्या दोन-चार पानांशी ताडून पाहिलं. "सगळ्या पानांवर आहे. हे अक्षर कोणाचं?"

खोलीतल्या प्रत्येकाची नजर साहेबांच्या डोक्यावरून मागच्या भिंतीवर गेली, जिथे तेच अक्षर हातभर उंचीने वेळेचं मोल सांगत होतं. रेडिओने तर मान वाकडी करून एकदा वही आणि एकदा भिंत अशी पडताळणी केली आणि हळूच म्हणाला, "'ळ'ची शेपटी सेम आहे."

साहेबांनी मग जे केलं ते मावशीला पुढे कित्येक दिवस पुरलं. त्यांचा हात आपोआप खिशाकडे गेला, खिशातून लाल पेन निघालं, आणि माणूस अंगावर बसलेली माशी झटकतो तितक्या सहज ते नवव्या नोंदीखाली रेघ ओढायला वाकले.

मावशीने पानावर पंजा ठेवला.

"आता नको साहेब. बावीस वर्षं वाट बघितलीय या पानाने."

"बावीस?" न्यायाधीश बाई म्हणाल्या.

मावशीने कोठीच्या रजिस्टरात मागे, खूप मागे, पिवळं पडलेलं पान काढलं. चौतीस नंबर, आधीचा पोरगा, मे महिन्यात जमा. चौतीस नंबर, दुसरा पोरगा, जूनमध्ये दिला. वर्षासकट. "हा दुसरा माझा भाऊ. या नऊ पापांपायी अकरा महिने जास्त राहिला. त्यातल्या सातव्या महिन्यात करवतीवर दोन बोटं गेली. मी या साहेबांच्या खिडकीशी आले होते. एप्रिलमध्ये तो घरी होता म्हणून सांगितलं. साहेब म्हणाले, रजिस्टर चुकत नाही."

साहेब आता तिच्याकडे बघत होते. पहिल्यांदाच, हाताकडे नव्हे, चेहऱ्याकडे. "तुम्ही... तुम्ही इतकी वर्षं इथे..."

"सरळ टाका," मावशी म्हणाली.

*

रेडिओ त्याच दुपारी सुटला. घरच्या शर्टात तो वेगळाच दिसत होता, जरा लहान. बहीण रडत होती, हसत होती, मावशीचे हात धरत होती. मावशी हात सोडवून घेत होती. रेडिओने चौतीस नंबरचा शर्ट घडी घालून कोठीच्या टेबलावर ठेवला.

"मावशी, त्या दिवशी समोरच्या फळीवर सत्तर होता. मला बरोबर बसला असता. तुम्ही स्टूलवर चढून हा काढलात."

"माप बघून दिला."

"कोणाचं माप?"

मावशीने शर्ट उचलला, झटकला, खांद्याची शिवण तपासली. "जा," ती म्हणाली. "बहीण थांबलीय."

तो गेला. बडबड न करता गेला, हे तिने टिपलं.

संध्याकाळी ती धाकट्याच्या दुकानात गेली आणि सगळं सांगितलं. साहेबांचा चेहरा कसा झाला, लाल पेन कसं निघालं, समितीने मुदतवाढीऐवजी निलंबन आणि चौकशी कशी लिहिली. धाकटा सायकलचं चाक उलटं धरून ऐकत होता. मध्ये एकदा हसलाही. मग चाक फिरायचं थांबलं.

"त्या पोराला आधी सांगितलं होतंस?"

"सांगितलं असतं तर सगळ्या बराकीला कळलं असतं. रेडिओ आहे तो."

"आणि तू दारातून आत पोचायच्या आधी सही झाली असती तर?"

"झाली नाही."

"ताई, मी विचारतोय, झाली असती तर?"

"झाली असती," ती म्हणाली, "तर मी आणखी अकरा महिने त्याची काळजी घेतली असती. सुतारशाळेत जाऊ दिलं नसतं."

धाकट्याने चाक खाली ठेवलं. आठही बोटं फडक्याला पुसली, एकेक, सावकाश. "माझ्या नावावर हे खपवू नकोस," तो म्हणाला. "मी सोडलं होतं. हे तुझं तू केलंस."

"केलं," ती म्हणाली. "आणि पुन्हा करावं लागलं तर पुन्हा करीन. फक्त गाठोड्याचं आधी बघून ठेवीन."

त्याने तिला चहा विचारला नाही. ती थोडा वेळ थांबली, तो विचारेल म्हणून. मग निघाली.

सरकारी नियम असा आहे की निलंबित माणसाने चौकशी संपेपर्यंत गाव सोडायचं नाही आणि रोज सकाळी नऊला संस्थेच्या फाटकावर येऊन हजेरीची सही करायची. साहेबांचं घर आवारातच होतं, भिंतीच्या आत. चौकशी किती दिवस चालेल हे कोणाला माहीत नव्हतं. वर सुतारशाळेच्या जाळीची मागणी अजून विचाराधीन होती, तेव्हा मावशीने आपला अंदाज बांधला होता. अकरा महिने तर कुठे गेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी नऊला पाच मिनिटं कमी असताना ती फाटकाशी जाऊन उभी राहिली. तिथे तिचं काही काम नव्हतं. कॉलरमध्ये सुई, गळ्यात मोजपट्टी. नऊ वाजले. नऊ वाजून चार मिनिटांनी साहेब आले, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन नाही. दरवानाने संकोचाने वही पुढे केली. इतकी वर्षं ज्यांना सलाम ठोकला त्यांच्याकडे सही मागायची म्हणजे दरवानाची पाचावर धारण बसली होती.

"राहू दे, लिही नऊ म्हणून," साहेब वर न बघता म्हणाले.

"नऊ चार," मावशी म्हणाली.

दरवानाने एकदा त्यांच्याकडे, एकदा हिच्याकडे पाहिलं. मग नऊ चार लिहिलं, तारीख टाकली, महिना टाकला आणि वही मिटायला घेतली.

मावशीने वहीत बोट घातलं.

"वर्ष पण टाक," ती म्हणाली.